तिसरी प्रत

कोटा बारूच्या उच्च न्यायालयात माझी खुर्ची
पिंजऱ्यापासून दीड हातावर.
बावीस वर्षं मी तिथे बसून
मलय भाषेतलं वाक्य उचलते
आणि आमच्या सयामी बोलीत खाली ठेवते,
हिंदकळू न देता.
वाक्य खरं की खोटं
हे दुभाष्याने विचारायचं नसतं.

आज पिंजऱ्यात ए चान, बाप आय केव,
राहणार तुम्पात, दोन खाचरं भाताची आणि एक होडी.
आरोपी म्हणायचं नाही, वकीलबाई आधीच म्हणाल्या,
आरोप ठेवलेलाच नाही.
मग काय म्हणायचं?
स्थानबद्ध.
आमच्या बोलीत या अर्थाचा शब्द नाही.
मी म्हटलं, 'बसवून ठेवलेला'.
तो हसला. चौदा महिने
देशाच्या दुसऱ्या टोकाला बसवून ठेवलेला माणूस
हसला, तेव्हा दिसलं
खालचे दोन दात गेलेत.

मंत्र्यांचा हुकूम म्हणतो,
गोलोक नदीत रात्री होडी घालून हा गोळ्या आणायचा.
किती गोळ्या, कुणासाठी, कुठल्या रात्री?
सांगणं जनहिताचं नाही.
पुढेही आणील, म्हणून दोन वर्षं.
'पुढेही' हा शब्द मी दोनदा वाचला.

नूर हायातीबाईंनी नदीचं नावच काढलं नाही.
त्या कागद मोजत बसल्या.
दाद मागण्याचा अर्ज
स्थानबद्धाच्या हाती तीन प्रतींत द्यावा, असा नियम.
शपथपत्र म्हणतं, दिला.
छावणीच्या नोंदवहीत सार्जंटच्या किरट्या अक्षरात:
प्रती दोन.

सरकारी वकील म्हणाले, एका कागदाने असं काय बिघडतं?
न्यायमूर्तींनी चष्मा काढला.
खटल्यावाचून माणूस कोंडायचा, म्हणाले,
तर कागद तरी पुरे द्या.
सोडा याला.

मी वाक्य उचललं
आणि ते हातातच राहिलं.

बहिणीचा सुचात. अठरा वर्षांचा.
घराच्या खांबांमध्ये, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी
मलाच सापडला होता तो, पहाटे.
मूठ उघडायला मला दोन्ही हात लागले.
आत अर्धी विरघळलेली गुलाबी गोळी,
तळव्याला रंग लागलेला.
नदीपलीकडून येतात त्या.
होड्या काय, पुष्कळ आहेत नदीत.

न्यायमूर्ती माझ्याकडे बघत होते.
पंखा फिरत होता. लघुलेखिका थांबली होती.
'सोडा याला,' मी म्हटलं,
जितक्या आवाजात ते म्हणाले होते
तितक्याच.

व्हरांड्यात त्याची आई, वान्दी,
पिशवीत इस्त्रीचा सदरा घेऊन सकाळपासून उभी.
माप चौदा महिन्यांपूर्वीचं.
त्याने तिथेच घातला,
खांद्याची शिवण दंडावर उतरली.
म्हातारी ती शिवण पुन्हा पुन्हा वर ओढत राहिली,
जणू शिवणच चुकलीय.

तू आणत होतास का रे?
हे दिवसभरात कुणी विचारलं नव्हतं.
कोर्टाला गरज नव्हती, सरकारला शंका नव्हती,
वकीलबाईंना नको होतं.
माझी पाळी संपली होती, आता मी विचारू शकत होते.
माझ्या जिभेवर आलंही,
पण आधी तोच बोलला, हळू, आमच्या बोलीत:
'मावशी, त्या तिसऱ्या कागदावर काय होतं?'

'पहिल्या दोनांवर होतं तेच,' मी म्हटलं.
'तेच?'
'अक्षरन् अक्षर.'

त्याने मान हलवली आणि आईचा हात धरून
जिना उतरायला लागला.

खाली फाटकाशी एक पांढरी मोटार.
बॉनेटला टेकून साध्या कपड्यातले दोघे.
एक घड्याळ बघत होता.
दुसऱ्याच्या हातात कोरी करकरीत फाईल,
आणि तो बोटाला थुंकी लावून
कागद मोजत होता.